काळ्या पाटीची पांढरी गाडी

जगातली कोणतीही वस्तू तशी नवी नसते. तिचा आधीचा मालक आपल्याला ठाऊक नसतो, इतकंच. शेतातून आधी दुसऱ्याचा नांगर फिरलेला असतो, देवळातल्या घंटेला हजारांचे हात लागलेले असतात, आणि विहिरीचं पाणी कोण कोण पिऊन गेलं याची नोंद कुठल्याच कचेरीत सापडत नाही. तरी माणूस शेत कसतो, घंटा वाजवतो, पाणी पितो. मोटारीचा विषय निघाला की मात्र त्याला चारित्र्य आठवतं.

कुंभारवाड्याच्या बाजूला जंगलात विखुरलेल्या वाड्यांपैकी एका वाडीत (घरं अकरा, मोबाइलला रेंज येणारी झाडं दोन) महाबळेश्वर वेळीपपुढं हा विषय गेल्या वर्षी भातकापणीच्या आधी येऊन ठेपला. महाबळेश्वर भात पिकवी, कोकम सुकवून विकी, आणि कुणाला नाही म्हणायची वेळ आली की नुसता खोके. त्याची बायको पारू हिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली दिली होती, आणि अट अशी होती की पेशंटनं दांडेलीला सकाळी आठाच्या आत उपाशीपोटी हजर व्हावं. वाडीच्या फाट्यावरून पहिली बस सुटायची साडेआठला. उपाशी राहणं पारूला जमण्यासारखं होतं. सुटायच्या आधी पोचणं बसला जमण्यासारखं नव्हतं.

आधीच्या तपासणीहून ती परत आली होती ती शेळ्यांच्या पिकअपमधून. शेळ्यांना बसायला जागा होती, पारू उभी होती. घरी आल्यावर तिनं पाय धुतले आणि नवऱ्याला शांतपणे सांगितलं, "एक तर गाडी घ्या, न्हाईतर मला म्हायेरी सोडा. पण म्हायेरीबी बस जात न्हाई. तवा गाडीच घ्या."

महाबळेश्वर रामनगरला गेला. तिथं विनायक नावाचा खानापूरकडचा एक माणूस जुन्या गाड्यांचा व्यापार करायचा. त्यानं एक पांढरी, छोटी, चार वर्षं वापरलेली गाडी दाखवली, आणि मग धंद्यात सहसा कुणी करत नाही ती चूक केली. तो खरं बोलला.

"मामा, नंतर कळण्यापेक्षा आताच सांगतो. ही गोव्यात भाड्यानं फिरत व्हती. काळी पाटी, पिवळी अक्षरं. पर्यटक यायचे, स्वतः चालवायला न्यायचे. आता कागद बदलून पांढरी पाटी लावलीय. गाडी चांगली हाय."

महाबळेश्वर खोकला. जो माणूस न विचारता एवढं सांगतो, त्यानं न सांगितलेलं केवढं असेल, या विचारानं तो परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघायचंही विसरला.

वाडीत बातमी त्याच्या आधी पोचली होती. भाड्याची गाडी वाडीत आणावी की आणू नये हा एका घराचा प्रश्न नसून सार्वजनिक महत्त्वाची बाब आहे, असं सर्वांना एकाच वेळी वाटल्यामुळं वाडीतल्या मारुती नावाच्या गड्याच्या ओसरीवर सात जणांची समिती आपोआप भरली. अध्यक्षपदी बाबुराव होते. बाबुराव बसचे निवृत्त कंडक्टर. तीस वर्षांत त्यांनी एकदाही स्टिअरिंगला हात लावला नव्हता, त्यामुळं वाहनांविषयीचं त्यांचं मत पूर्णपणे निःपक्षपाती मानलं जाई.

तज्ज्ञ म्हणून मारुतीची साक्ष झाली. मारुती तीन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गोव्याला जाऊन भाड्याची गाडी तीन दिवस वापरून आला होता.

"पयल्या दिवशी आम्ही ती रेतीत घातली," तो म्हणाला. "वढून काढताना म्होरचा बंपर सैल झाला, तो गुडघ्यानं दाबून बशिवला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गियरवर चोर्ल्याचा घाट चढवला. वास सुटला, पण चढली. मागच्या शिटावर मासळीची पिशवी फुटली."

"आणि परत देताना?" महाबळेश्वरनं विचारलं.

"पुसून दिली की." मारुतीनं पान जुळवलं. "म्हणून सांगतो, असल्या गाड्यांचा भरवसा न्हाई. लोक कशीबी वापरतात."

समितीनं ही साक्ष ग्राह्य धरली. पुढील चौकशीत असं आढळून आलं की, सातांपैकी चौघांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा भाड्याचं वाहन चालवलं होतं. चौघांचंही मत एकच होतं, की भाड्याचं वाहन लोक फार वाईट चालवतात. हे लोक कोण, कुठले, याचा तपास करण्याची गरज कुणाला भासली नाही.

शेवटी विनायकनं गाडीच वाडीत आणून उभी केली. समितीनं तिची अंगझडती घेतली. सीटांखाली सापडलेला ऐवज पुढीलप्रमाणे: रेती सुमारे एक वाटी; लहान मुलाची डाव्या पायाची चप्पल; अर्धवट काजूची पुडी (काजू मारुतीनं तपासले, पुडी रिकामी जमा झाली); आणि केसांना लावायची एक निळी क्लिप. क्लिपेपाशी समिती बराच वेळ गंभीर होती. नवरा-बायको, लेकरू आणि समुद्र, असा या वस्तूंचा साधा अर्थ निघत होता. पण साधा अर्थ काढायला सात माणसं कशाला लागतात? बाबुरावांनी, बस सोडताना मारायचे तसे, गाडीच्या पत्र्यावर दोन थपडा मारल्या आणि निकाल दिला: "आवाज पोकळ हाय."

पारू एवढा वेळ दारात उभी होती. ती खाली उतरली, मागचं दार उघडून आत बसली, पाय लांब केले, आखडून घेतले.

"बसाय बरी हाय," ती म्हणाली. उतरताना तिनं ती निळी क्लिप उचलली, पदराला पुसली आणि आपल्या अंबाड्यात खोचली. गाडीच्या चारित्र्याविषयी तिनं एवढंच मत नोंदवलं.

तरी महाबळेश्वरचं मन निवेना. तो विनायकला घेऊन जोयड्याला गुणा मेस्त्रीकडं गेला. गुणानं बॉनेट उघडलं, गाडीखाली सरपटत गेला, एक फेरी मारून आला आणि मग सर्व्हिसिंगचं बाड चाळत बसला.

"घे," तो म्हणाला.

"पण मेस्त्री, रोज नवा माणूस चालवत व्हता हिला."

"रोज नवा माणूस भेटला, व्हय. पण दर दहा हजार किलोमीटरला डाक्टरबी भेटला. हे बघ शिक्के. तुझ्या बैलाला भेटतोय काय?"

महाबळेश्वरला बैलाची बाजू घेता आली नाही. गाडी घेतली गेली.

त्यानं चौपन्नाव्या वर्षी लायसन काढलं. ज्या शाळेत तो गाडी शिकला तिथं मागं घेणे हा विषय ऐच्छिक असावा, कारण तो त्याला कधीच जमला नाही. गाडी वळवायची झाली की तो खळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालून येई. पण रोज संध्याकाळी तो गाडी पुसायचा, आणि आतून कुणी बघत नसलं की बॉनेटवर हात फिरवायचा, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा.

आता या व्यवहाराला तीव्र विरोध करणाऱ्या समितीनं पुढं जो उदारपणा दाखवला त्याची नोंद घेणं भाग आहे. गाडी आल्याच्या आठव्या दिवशी मारुती आला. त्याला सासुरवाडीला जायचं होतं. "तशी ती भाड्याचीच हाय की," तो म्हणाला, "तिला सवय हाय." महाबळेश्वर खोकला. मारुतीनं खोकल्याचा अर्थ होकार असा लावला, आणि तोच अर्थ पुढं वाडीत प्रमाण ठरला.

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात गाडीचा विनियोग असा झाला: सासुरवाड्या नऊ, बारसं एक, मुलगी बघणं चार (पसंती एकही नाही, दोष गाडीच्या रंगाला), भाताची पोती, संख्या अनिश्चित, फणसाच्या झाडाला दोर बांधून वाळलेली फांदी ओढणं एक, आणि 'जरा आणतो' या सदरात एकूण सव्वीस फेऱ्या. या काळात प्रत्यक्ष मालकानं गाडी तीनदा चालवली. त्यांपैकी एकदा पेट्रोल भरायला.

विरोध मात्र कुणी सोडला नव्हता. गाडी परत आणून लावताना जो तो न चुकता सांगायचा, "क्लच जड लागतोय. आम्ही तवाच सांगितलं व्हतं, भाड्याची घेऊ नको."

फेब्रुवारीत उळवीची जत्रा आली. पारूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी बाबुराव धोतर नेसून उभे राहिले.

"मारुती चालवतोय. सांजच्याला परत," ते म्हणाले. "देवाचं काम हाय, म्हाबळू."

"अण्णा, उद्या हिचा डोळा हाय," महाबळेश्वर म्हणाला. हे वाक्य त्याच्या आयुष्यातलं नकाराच्या सर्वांत जवळ गेलेलं वाक्य होतं.

"उद्या हाय न्हवं? मग आज काय."

पाचजणांच्या गाडीत नऊजण बसून गेले. संध्याकाळी गाडी आली नाही. फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पारू अंघोळ करून, जरीकाठाचं लुगडं नेसून, डॉक्टरांच्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. पाणीसुद्धा प्यायली नव्हती. महाबळेश्वर फाट्यापर्यंत दोनदा चालत जाऊन आला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा ती म्हणाली, "बसा हितं. पायानं आणणार हाय काय तिला?" मग तो तिच्या शेजारी बसला. ऊन अंगणात आलं, तुळशीवर आलं, पायरीवर आलं. आठ वाजले तेव्हा पारू उठली, लुगडं बदललं आणि चूल पेटवली. 

गाडी दुपारी बाराला आली. मागचा दिवा फुटला होता आणि आत चिरमुऱ्यांचा सडा होता. बाबुरावांनी प्रसाद पुढं केला.

"देवाच्या दारात उशीर झाला, पारूअक्का. रागवू नको. देव बघतोय समदं."

"व्हय," पारूनं प्रसाद घेतला. "त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसतंय."

नवी तारीख मेमधली मिळाली. म्हणजे तीन महिने पारू तांदूळ निवडताना खडे बोटांनी शोधणार होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिनं विनायकला फोन लावून (दुसऱ्या झाडाखाली उभं राहून) एकच गोष्ट विचारली: गोव्यातले ते भाड्यानं देणारे लोक गाडी देताना काय काय करायचे? त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दाराशी एक वही दोरीनं टांगलेली होती, आणि तीत शेजारच्या मंगलकडून लिहून घेतलेले नियम होते. गाडी नेणाऱ्यानं लायसनची प्रत द्यावी. चारी बाजूंचे फोटो काढावेत. नेताना पेट्रोलचा काटा जिथं असेल तिथंच परत आणावा. वेळ लिहून सही करावी. सीटाला जेवढे पट्टे तेवढीच माणसं. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस गाडी मिळणार नाही.

वाडीत हलकल्लोळ माजला नाही. त्याहून वाईट झालं. सगळ्यांना वाईट वाटलं.

"घरच्या माणसाकडनं सही?" मारुती म्हणाला. "गोव्यात घेतली तवा सही केली, ते येगळं. ते परके व्हते."

"म्हणून त्यांची पुसून तरी दिलीस," पारू म्हणाली.

महाबळेश्वरला खोकला आला, पण या वेळी त्याचा अर्थ लावायला कुणी थांबलं नाही. मेपर्यंतच्या तीन महिन्यांत वहीत एकाच माणसाची सही पडली, मंगलची. तिच्या सासूच्या पायाचं प्लास्टर काढायचं होतं. तिचा भाऊ विनोद गाडी घेऊन गेला आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी आला. गाडी धुतलेली होती आणि मागच्या सीटवर पारूसाठी आबोलीचा गजरा होता. पारूनं त्या रात्रीच वहीत सुधारणा करून घेतली: मंगलला नियम लागू नाहीत. मंगलनं ते स्वतःच्याच हातानं लिहिलं, आणि तरीही पुढच्या वेळी सही केली.

मेमध्ये ऑपरेशन झालं. महाबळेश्वरनं गाडी स्वतः चालवली, सातला पोचला, आणि दवाखान्याच्या आवारात गाडी मागं घेता येईना म्हणून ऑपरेशन संपेपर्यंत तिथंच उभी ठेवली. आठवड्यानं पट्टी सुटल्यावर पारूनं अंगणात येऊन पहिल्यांदा ती गाडी नीट पाहिली. तिच्याभोवती फिरत, बोट लावत, तिनं पोचे आणि ओरखडे मोजले. सोळा भरले. मग गाडी घेताना गुणा मेस्त्रीनं तिचे पोचे-ओरखडे लिहून दिले होते, तो कागद आणवून नवऱ्याकडून वाचून घेतला. त्यात दोन होते.

गोवा, चार वर्षं, अनोळखी माणसं: दोन. वाडी, चार महिने, आपली माणसं: चौदा.

बाबुरावांनाही आता पुतण्यासाठी गाडी घ्यायची आहे. त्यांनी विनायकला बजावून सांगितलंय की भाड्याची नको, घरगुती वापराचीच हवी, एका हातातली. विनायक शोधतोय. वाचकांपैकी कुणी जुन्या गाडीच्या शोधात असेल तर तोही हेच मागेल, आणि ते शहाणपणाचंच आहे. इथवर वाचताना बाबुरावांना हसून झालं असेल, तर एक किरकोळ काम उरतं: शेजाऱ्याकडून 'जरा' म्हणून आणलेली जी वस्तू या क्षणी आपल्या घरात आहे, ती उठून देऊन या. तो मागणार नाही. तो नुसता खोकेल.