नानांचा कोरडा धबधबा

आमच्या डोंगरातल्या धबधब्यापाशी कुणी आलं, की भगवान नाना आधी त्याला चपला काढायला लावत. "शेवाळ लई हाय, घसरताल." शेवाळ कुठलं? दुष्काळ पडल्यापासून त्या कड्यावर ओलसुद्धा नव्हती. पाहुणे तापल्या दगडावरून नाचत पुढं जात आणि नाना समाधानानं बघत राहत.

धबधबा सहल सहकारी संस्था ही नानांचीच कल्पना. ते चेअरमन, मी सचिव. पाणी नसलं तरी इतिहास भरपूर होता. "निजामाचा तालुकदार हत्तीवरून इथं न्हायला यायचा," असं नाना सांगत. पाहुणे केजचे असले तर हत्ती एक, बीडचे असले तर दोन. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "सचिव, तुमी कागद सांभाळा. हत्ती माझ्याकडं."

थट्टा सोडा, पण नानांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. सरकारनं पर्यटनस्थळाचा दर्जा दिला, तर त्यांचा मुलगा दत्ता इथंच हॉटेल टाकणार होता. मग कोयता घेऊन ऊसतोडीला जायला नको.

पाहणीला साहेब येणार असं ठरलं. नानांनी कुठूनसा टँकर मिळवला. साहेब खाली उभे राहिले, की वरून पाणी सोडायचं. बेत झकास होता. फक्त टँकर गावातून न्यायचा होता, आणि दुष्काळात टँकर दिसल्यावर तो कुणाचा, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. कड्यावर पोचलो, तर मागं सगळं गाव हंडे घेऊन हजर.

"नाना, साहेबांची जीप आली," मी म्हणालो.

नाना बायांकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच टँकरची नळी पहिल्या हंड्यात सोडली.

"असं कावून बघता, सचिव? बायांला काय सांगू, वरून पडल्यावर खाली भरा म्हणून?"

साहेबांनी कोरडा कडा पाहिला, चहा घेतला आणि गेले. दर्जा काही मिळाला नाही.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक आला. दत्ता आणि सून बोचकी घेऊन मागं चढले. नाना ट्रकभोवती नुसते फेऱ्या मारत होते. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. शेवटी ते ड्रायव्हरपाशी गेले.

"पोरांला पुढं बसवता का? मागं गार लागतं. लहान हायेत अजून."

लग्न झालेल्या, मिशीवाल्या दत्ताला बघून ड्रायव्हर हसला. दत्ता हसला नाही. तो खाली उतरला, नानांच्या पाया पडला आणि बायकोला घेऊन मुकाट्यानं पुढं जाऊन बसला.