सुपाआडचा माकूल

दीपाली त्या रविवारी फक्त एवढंच म्हणाली होती, "मी चालवते."

रिक्षा चालवते म्हणाली असती तरी परवडलं असतं. बोईसरच्या रस्त्यांवरचे खड्डे तिला पाठ होते. पण चालवायचा होता नवऱ्याचा खेळ, आणि त्यातले खड्डे कुठे आहेत ते तिला ठाऊक नव्हतं.

खेळ असा होता. रूपेशच्या कंपनीत मनीष नावाचा एक इंजिनियर होता. त्याने शिफ्टच्या बसमध्ये रूपेशला हे वेड लावलं. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. माणसं म्हणणार, मी अमुक करतो. ते जमलं की फसलं हे वीस तोंडांचा फासा ठरवणार. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर बोंब. तीन महिने झाले, दर रविवारी दुपारी रूपेश भाड्याच्या खोलीत चटई अंथरायचा आणि नऊ वर्षांच्या लेकीला, हिमानीला, आणि शेजारच्या मेघालीला खेळवायचा. हिमानी झाली होती नवसी नावाची तांडेल, स्वतःची होडी असलेली. मेघाली होती मंत्र मारणारी मंदा. दोघी मिळून तीन महिने समुद्र पालथा घालत होत्या. (खोली दहा बाय बारा. त्यात समुद्र, गॅस, कपाट आणि वाळत घातलेले कपडे.)

आणि आज बॉसची लढाई होती. रूपेशच्या कंपनीत बॉस सगळ्यांत आधी घरी जातो. या खेळात तो सगळ्यांत शेवटी येतो, आणि तो म्हणजे राक्षस. हा राक्षस होता दहा हातांचा काळा माकूल. बाजारात मासळीत मिळतो तोच, पण होडीएवढे डोळे असलेला.

नेमका सकाळी कंपनीतून फोन आला. रूपेशच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता. बूट घालता घालता रूपेश म्हणाला, "पुढच्या रविवारी घेऊ, हिमू."

हिमानीचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी तिला बोलता येणार होतं की नाही, कोणास ठाऊक. मंगळवारी पालघरला तिच्या टॉन्सिलचं ऑपरेशन होतं.

तिचा तो चेहरा बघून दीपालीच्या तोंडून निघून गेलं, "मी चालवते."

"तुला जमेल?" रूपेशने विचारलं.

"सातवीपर्यंत शिकलेय. वही वाचता येते मला."

"वाचायचं कमी असतं गं," रूपेश दारातून म्हणाला, "फासा काय सांगतो ते ऐकायचं जास्त." आणि तो बस गाठायला पळाला.

दीपालीच्या मनात खेळ नव्हताच. तिच्या मनात मंगळवार होता. महिन्यापूर्वी दोघी रक्त तपासायला गेल्या होत्या, तेव्हा ती हिमानीला म्हणाली होती, "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं." सुई बाहेर आल्यावर हिमानी डोळे पुसत म्हणाली, "अशी मुंगी मी अजून पाहिली नाही." तेव्हापासून तिने आईला असलं काही विचारणंच सोडलं होतं. औषध कडू आहे का, हेसुद्धा ती वडिलांना विचारायची. ऑपरेशनबद्दल तर एक शब्द नाही. मंगळवारी रूपेशला सुट्टी मिळणार नव्हती. पोरीचा हात धरायला दीपालीच असणार होती, आणि पोर तिच्यावर विश्वास ठेवत नव्हती. दीपालीला वाटलं, आज खेळात तिला जिंकवलं की झालं. जिंकलेलं पोर आईला चिकटून बसतं.

दुपारी सासूबाई आल्या. शकू घिवलीहून रविवारी बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन यायची आणि पाटी रिकामी झाली की मुलाच्या खोलीवर चहाला थांबायची. तीस वर्षं तिचं एकच काम. गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून बघतं. आत लाल तर ताजा, काळपट तर बर्फातला. शकू त्याच नजरेने गिऱ्हाइकांकडे बघायची. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या बाईचा कल्ला तिला लांबून दिसायचा.

"आजी, खेळणार?" मेघालीने विचारलं.

"मी बगते. खऱ्या माकलांनीच पुरेसा वैताग दिलाय सकालपासून," म्हणत शकू भिंतीला टेकून, पाय पसरून बसली.

दीपालीने वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "काळा माकूल. एचपी साठ." ती थांबली. मग तिने गोष्ट पुढे नेली. "तर त्या माकलाकडे साठ सिलिंडर होते."

दोघी पोरी चटईवर लोळायला लागल्या. "मम्मी, एचपी म्हणजे जीव! साठ जीव आहेत त्याला."

"मग तसं लिहायचं ना," दीपाली पुटपुटली. (घरातल्या सिलिंडरवर तीच अक्षरं आहेत. तिची काय चूक?)

पान उलटल्यावर मात्र तिचं हसू गेलं. खाली रूपेशच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नवसी मरू शकते. मेली तर मरू दे. फासा बदलायचा नाही.'

दीपालीने ते तीनदा वाचलं. परवा ऑपरेशन, आणि आज हा बाप पोरीला मारायला निघालाय. ती उठली, भिंतीवरचं सूप काढलं आणि स्वतःसमोर आडोशाला उभं केलं.

"हे काय?" हिमानीने विचारलं. "पप्पा फासा उघड्यावर टाकतात."

"माकलाचं गुपित असतं. तुमचा फासा तुमच्याकडेच. त्याचा दुसरा मी सुपाआड टाकणार."

हिमानीने मेघालीकडे बघितलं. मेघालीने खांदे उडवले. लढाई सुरू झाली.

माकलाने पहिला हात उगारला. दीपालीने सुपाआड फासा टाकला. अठरा. "चार," ती म्हणाली. "माकूल चुकला."

दुसऱ्यांदा सतरा. "दोन. चुकला."

तिसऱ्यांदा फासा खरंच तीनवर पडला. दीपालीला इतका आनंद झाला की तिने तोही खोटा सांगितला. "एक!"

"आंधळा आहे का हा?" मेघाली म्हणाली.

"त्याला सर्दी झालीय," दीपाली म्हणाली.

"पाण्यात राहतो आणि सर्दी?"

"पाण्यात राहतो म्हणूनच."

तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. दीपाली धडपडत उठली, सूप हललं, गॅस बंद केला, फडका फिरवला आणि परत येऊन बसली तर सुपाआड फासा नव्हता.

तिने चटईखाली हात घातला. नाही. मांडीखाली. नाही. पोरी वाट बघत होत्या. आता फासा हरवला म्हणून सगळं उचकायचं म्हणजे सूप बाजूला करायचं. तिने हळूच डाव्या हाताने मागच्या डब्यातून एक चिंचोका काढला आणि आवाजापुरता फरशीवर टाकला. टक्.

"पाच. चुकला."

टक्. "तीन. चुकला."

टक्. "चार. माकलाचा हात... दुसऱ्या हातात अडकला."

नवसी भाला मारत होती, मंदा मंत्र मारत होती, माकलाचे जीव साठवरून चौदावर आले होते. पण पोरींचा आवाज खाली खाली येत होता. मेघालीने जांभई दिली. हिमानी पेन्सिलीने वहीच्या कोपऱ्यात उगाच गोल काढत होती. तिला जिंकताना बघून दीपालीला जे वाटायला हवं होतं ते वाटत नव्हतं. ताटात वाढलेलं पोराने नुसतं चिवडत बसावं, तसं झालं होतं.

टक्. "दोन. चुकला," दीपाली म्हणाली.

"दीपे," भिंतीकडून आवाज आला. "जरा कल्ला उचल."

"काय, आई?"

शकूने हात लांबवला आणि सूप वर केलं. फरशीवर एक चिंचोका होता.

मग शकूने मूठ उघडली. तळहातावर वीस तोंडांचा फासा. "दूद उतू गेलं तवा माज्या पायाशी आला. मगापासून हा माज्या मुठीत हाय. आनि तुजा माकूल सारका चुकतोय. मी म्हटलं, बगू तरी, पोरगी किती वेल बर्फ घालते."

मेघाली हसायला लागली. हसता हसता तिने हिमानीकडे बघितलं आणि गप्प झाली.

हिमानीने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे मी जिंकत नव्हते."

"अगं, तू दमू नये म्हणून..."

"मंगळवारी पण असंच सांगणार ना तू मला? चुकला, चुकला?"

दीपालीकडे उत्तर होतं. एक नाही, दहा होती, माकलाच्या हातांइतकी. सगळी एकमेकांत अडकली. नऊ वर्षं ती पोरीच्या वाटेत असं मऊ मऊ काहीतरी अंथरत आली होती. कुत्रा चावत नाही, वीज आपल्या घरावर पडत नाही, सुई म्हणजे मुंगी. रूपेश खरं बोलतो, कारण सुईच्या वेळी तो शिफ्टला असतो, असंही तिला एकदा वाटून गेलं. ते खोटं नव्हतं. पण त्याने पोरीचं समाधान होणार नव्हतं. पोर मंगळवारी ज्या दारातून आत जाणार होती, त्या दारापर्यंत तिला धरायला एक हात हवा होता, आणि आपण पुढे केला होता चिंचोका.

तिने सूप उचललं आणि भिंतीवर परत टांगलं. सासूच्या हातातून फासा घेतला.

"माकलाची पाळी आहे," ती म्हणाली. "उघड्यावर टाकते. सगळ्यांनी बघा."

एकोणीस.

दीपालीने वहीत बघितलं, बोटाने ओळ धरली आणि वाचलं, "माकलाचा हात होडीवर पडला. डोलकाठी मोडली. नवसीचे नऊ जीव गेले. तीन उरले."

हिमानी ताठ बसली. मेघाली गुडघ्यावर आली. शकूने चहाची बशी खाली ठेवली. "पल, पोरी, पल," ती नातीला म्हणाली.

"तांडेल पळत नाही, आजी." हिमानीने पेन्सिल उचलली. "मी नांगर घेऊन त्याच्या तोंडात उडी मारते."

दीपालीने वही बघितली. "पंधराच्या वर पाहिजे. कमी आलं तर..." ती अडखळली. 'काही होणार नाही' हे शब्द सवयीने ओठांपर्यंत आले होते. तिने ते गिळले. "कमी आलं तर नवसी मरेल."

हिमानीने फासा दोन्ही हातांत घोळवला आणि टाकला.

अकरा.

नवसी मेली. पण नांगर माकलाच्या घशात अडकला, असं दीपालीने सांगितलं. (वहीत तसं नव्हतं. पण ते आकड्याच्या विरुद्धही नव्हतं.) मेघालीच्या मंदाने फासा टाकला, अठरा आले, आणि काळा माकूल घशातल्या नांगरासकट तळाला गेला.

हिमानी रडली. दीपाली तिच्याजवळ सरकून बसली. उगी, काही झालं नाही, असं काही म्हणाली नाही, कारण झालं होतं. थोड्या वेळाने हिमानीने फ्रॉकला नाक पुसलं.

"पप्पांना कोणी सांगायचं नाही. नवसी कशी मेली ते मीच सांगणार."

"तूच सांग."

"नांगर अडकला तेसुद्धा."

"तेसुद्धा."

मेघाली घरी गेली. शकू पाटी आवरायला लागली. हिमानी आईच्या मांडीशी टेकून फासा फिरवत बसली होती. तो फिरवता फिरवताच, वर न बघता तिने विचारलं, "मम्मी, मंगळवारी दुखेल?"

महिन्याभरानंतर पहिल्यांदा तिने विचारलं होतं.

"कापताना कळणार नाही, झोपेचं औषध देतात," दीपाली म्हणाली. "जाग आल्यावर दुखेल. गिळताना जास्त. सात-आठ दिवस."

हिमानीने तिच्याकडे नीट बघितलं. मग आजीला हाक मारली. "आजी, कल्ला बघ हिचा."

शकू पाटी ठेवून आली. सुनेच्या कानावरचे केस बोटाने मागे सारले आणि वाकून बघितलं. मघापासून शरमेने तापलेला कान अजून तसाच होता.

"लाल हाय," शकू म्हणाली. "ताजा."

हिमानीने मान हलवली. "बरं. आणि मला आत नेल्यावर तू बाहेर रडशील?"

"छे," दीपाली म्हणाली. "मी काय लहान आहे?"

शकूने दुसऱ्या कानावरचे केस बाजूला केले, नाक मुरडलं आणि पाटी उचलून डोक्यावर ठेवली.

"हा बर्फातला."