चार निविदा आणि एक नातू

मी कुणाचं फोनवरचं बोलणं ऐकत नाही. पण घाटकोपरच्या आमच्या घराची गॅलरीच अशी, की तिथं माणूस कुजबुजला तरी आत ऐकू येतं. त्या दिवशी मी मेथी निवडायला गॅलरीच्या दाराशी बसायचं ठरवलं (उजेड चांगला येतो म्हणून), आणि तेवढ्यावरून नातवाचं लग्न मोडायची वेळ आली.

नातू सम्यक सरकारी कचेरीत खरेदी विभागात आहे. दुसऱ्याच्या पैशानं बाजार करायचा आणि वर पगार घ्यायचा, अशी झकास नोकरी. तो साहेबाला सांगत होता, "निविदा माझ्याच ताब्यात आहे, सर. मागच्या खेपेला एकच आली, म्हणून रद्द केली. आता चार आल्यात. स्वस्तातली बघून घेऊन टाकू."

माझ्या हातातली जुडी खाली पडली.

मी शाळेची पायरी चढले नाही, पण पोरीचं नाव ऐकलं की कळतं. हल्ली निवेदिता काय, निहारिका काय, त्यातलीच ही निविदा. आणि रविवारी मुलुंडची मनाली आईबापासकट लग्न पक्कं करायला यायची होती. गुणी पोर. तिला अंधारात कसं ठेवायचं? सुनेला सांगावं, तर सपना म्हणाली असती, "आत्या, आधी कान तपासा." म्हणून न्यायनिवाडा मीच हातात घेतला.

रविवारी पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बशा आल्या, तसं मी विचारलं, "सम्या, निविदाचं सांगितलंस का यांना?"

"यांना कशाला? ते गोपनीय असतं, आजी."

(कार्ट्याला लाज म्हणून नाही.)

मनालीच्या आईनं, मीराताईंनी, चमचा खाली ठेवला. "कोण निविदा?"

"एक कुठली, चार आहेत त्याच्याकडे," मी म्हटलं. "ठेवल्यास कुठं, ते तरी सांग."

"कपाटात. किल्ली माझ्या खिशात असते."

मीराताईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा पोहे खात होता. (पुरुषांना अशाच वेळी भूक लागते.) "उठा," त्या म्हणाल्या. "आम्ही नंतर कळवतो."

नंतर कळवतो म्हणजे काय, ते लग्नाच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. सपनाचा चेहरा पांढराफटक पडला. मनाली मात्र जागची हलली नाही. तिनं सम्यकला विचारलं, "कसल्या रे निविदा?"

"कचऱ्याच्या डब्यांच्या."

"अगं आई, टेंडर," मनाली म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"मग टेंडर म्हण ना, मेल्या," मी म्हटलं. "सरळ मराठीत बोलायला काय होतं तुला?"

मीराताई परत बसल्या. लग्न ठरलं. माझं कौतुक कुणी केलं नाही ते सोडा, पण जाताना मनाली सम्यकच्या कानाशी म्हणाली, "सगळं मान्य. फक्त तुझ्या आजींचं नाव काळ्या यादीत टाक."

पोरीला रीत कळते. लग्न ठरलं की यादी करतात, आणि त्यात घरातल्या मोठ्या माणसाचं नाव आधी. (काळी कशाला ते कोण जाणे. सरकारी शाई काळी असेल.) संध्याकाळी मी मुद्दाम शेजारच्या रतनकडे गेले. तिचा नवरा कंत्राटदार आहे. म्हटलं, "नातसुनेनं काळ्या यादीत पहिलं नाव माझं घातलं. सपनाचं नाही हं."

रतन म्हणाली, "त्या यादीला तुमच्याइतकं लायक दुसरं कोण आहे, आजी?"

बघा. परक्या बाईलासुद्धा माझी किंमत कळते.