खात्रीकाका आणि छत्रीवालं बदक

"आज फक्त बघायचं. तपासायचं नाही," टेलरकाकूंनी जिना चढता चढता नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं.

"बघणं आणि तपासणं यात फरक काय?"

"बघायला डोळे लागतात. तपासायला तुम्ही लागता."

टेलरकाकूंच्या नवऱ्याला सगळी गल्ली खात्रीकाका म्हणायची. अंडी आणली तर एकेक अंडं उजेडात धरून बघायचे. कुलूप लावलं की ओढून बघायचे, आणि दहा पावलांवरून परत येऊन पुन्हा ओढायचे. त्यामुळे घरात नासकं अंडं कधी आलं नाही हे खरं. पण भरतकामाचं मशीनही आलं नाही.

काकूंची बोटं आखडत चालली होती. शिवण अजून जमायचं, पण बारीक भरतकाम करायला बसलं की सुई एकीकडे आणि फूल दुसरीकडे. गिऱ्हाईक तर भरतकामासाठीच यायचं. नवं मशीन परवडणारं नव्हतं, म्हणून वापरलेलं शोधत होत्या. पहिलं मशीन सापडलं, तेव्हा खात्रीकाका स्क्रू मोजत बसले आणि तेवढ्यात दुसराच कोणी ते घेऊन गेला. दुसऱ्याचं मागचं झाकण त्यांनी उघडलं. आतली स्प्रिंग उडाली ती थेट मालकाच्या माशांच्या टाकीत. त्या मालकाने मशीनही दिलं नाही आणि पाणीही विचारलं नाही. हे तिसरं मशीन. हेही हातचं गेलं, तर काकू तयार कपड्यांच्या कारखान्यात दोरे कापायच्या कामाला जाणार होत्या. तसं त्या बोलून चुकल्या होत्या, आणि त्या बोलल्या की करायच्या.

दार एका आजींनी उघडलं. घरभर खोकी बांधून ठेवलेली. आजी मुलीकडे राहायला निघाल्या होत्या, आणि मुलीच्या घरात आजींपुरतीच जागा होती. खिडकीपाशी टेबलावर मशीन होतं, तेवढं बांधायचं राहिलं होतं.

"आणखी एक जण बघायला यायचाय," आजी म्हणाल्या. "रेडिमेडवाला. पण तुम्ही आधी आलात, तर बघून घ्या. पोरांच्या दुपट्यावरचं बदक लावते. छत्री घेतलेलं. बरंच भरगच्च आहे."

आजींनी फ्रेममध्ये पांढरं कापड ताणून बसवलं, बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं. सुई एका जागी खालीवर व्हायची आणि फ्रेम स्वतःच डावी-उजवी, पुढे-मागे सरकत बदक काढायची. काकू भान हरपून बघत राहिल्या. आपली बोटं वीस वर्षांपूर्वी अशीच चालायची, असं त्यांना वाटलं.

खात्रीकाकांनी हात मागे बांधले होते. पण कापडाच्या खालच्या बाजूला गाठी पडतात की नाही, हे कोणी बघायचं? ते हळूच टेबलाशी सरकले, चष्मा नाकावर ओढला आणि फ्रेमच्या खाली डोकवायला वाकले. अंगात बाहेर सोडलेला नवा, ढगळ शर्ट होता. त्याचा पुढचा घोळ त्यांच्या आधीच फ्रेमखाली गेला.

सुई खाली आली, वर गेली. खात्रीकाकांना पोटापाशी बारीक हिसका बसला. त्यांनी मागे व्हायचा प्रयत्न केला. शर्ट आला नाही.

ओरडावं, तर बायको म्हणणार, घालवलंत तिसरंही. हिसका द्यावा, तर सुई मोडणार. खात्रीकाकांनी फ्रेमबरोबर सरकायचं ठरवलं. फ्रेम डावीकडे गेली की तेही डावीकडे जात, पुढे गेली की कमरेतून पुढे.

"कसं वाटतं?" काकूंनी विचारलं.

"छान आहे."

काकू दचकल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. हा शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"घेऊन टाकू. मला पसंत आहे."

आता काकू घाबरल्याच. त्या जवळ गेल्या, आणि बदकाची पिवळी चोच नवऱ्याच्या शर्टासकट भरली जात असलेली त्यांनी पाहिली.

"शर्ट काढा," त्या दातांतून पुटपुटल्या.

"बनियन," खात्रीकाका तसेच पुटपुटले.

काकूंना सगळं समजलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभरचे कपडे शिवणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या बनियनला पोटावर असं भोक होतं, की त्यातून हात घालून खुशाल खिसा चाचपावा. आज शिवू, उद्या शिवू करता करता भोकाला नातवंडं झाली होती. ते बनियन बाहेर दिसलं, तर टेलरकाकूंना मशीन कोण देणार आणि काम तरी कोण?

"काढू नका," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करत नवऱ्याच्या पुढ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

एवढ्यात रेडिमेडवाला आला. आल्या आल्या त्याने घड्याळ पाहिलं.

"आजी, बोलण्यात वेळ नको. हे लोक देतील त्याच्यावर मी देतो. काका, सरका जरा, बघू द्या."

"मला नाही सरकता येत," खात्रीकाका उजवीकडे झुलत म्हणाले.

"कंबर धरलीय त्यांची," काकू म्हणाल्या.

"कंबर धरलेला माणूस असा हलतो?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. हलवत राहायची."

रेडिमेडवाला दुसऱ्या बाजूने आला. "जुनं दिसतंय. आवाज येतोय." त्याने मशीनच्या डोक्यावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, मग तळहाताने एक थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. "मधेच थांबवा की हे. फ्रेम ओढून बघू, किती ढिली झालीय."

त्याने फ्रेमला हात घातला. खात्रीकाकांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"चालू कामात हात घालायचा नाही," ते म्हणाले. आवाज जरा कापला, कारण तेवढ्यात बदकाच्या छत्रीने त्यांना पुढे ओढलं.

"तुमचं आहे का ते मशीन?"

"नाही. पण आत्ता मला ते सोडत नाही."

खात्रीकाका मनगट धरून झुलत होते, रेडिमेडवालाही त्यांच्याबरोबर झुलू लागला होता. मग सुई थांबली. बदक पुरं झालं होतं.

आजी उठल्या. "तुम्ही या आता," त्या रेडिमेडवाल्याला म्हणाल्या.

"अहो, पण मी जास्त देतोय."

"थापही तुम्हीच जास्त दिलीत. या."

तो गेला. आजींनी दार लावलं आणि खात्रीकाकांकडे वळल्या. "उभे राहा सरळ. जेवढं राहता येईल तेवढं."

काकूंचा चेहरा उतरला. "आजी, तुम्हाला कळलं?"

"तिसऱ्या टाक्यालाच."

"मग थांबवलं का नाहीत?" खात्रीकाका म्हणाले.

"काल एक बाई आली होती. नुसती ओढणी अडकली, तर तिने असा हिसका दिला की सुई मोडली. म्हटलं, हे काय करतात बघू. तुमचा नवा शर्ट गेला, पण तुम्ही माझ्या मशीनला धक्का लागू दिला नाहीत. एवढी माया मी नाही बाई कुठे बघितली. सांभाळाल तुम्ही. घेऊन जा."

खात्रीकाकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. मायेचं खरं कारण दोघांनीही पोटातच ठेवलं.

फ्रेम मशीनवरून निघाली, शर्टावरून नाही. टेम्पोत मशीन काकूंच्या मांडीशी आणि फ्रेम खात्रीकाकांच्या पोटावर, वरून पिशवी धरलेली. अर्ध्या वाटेत काकूंना हसू फुटलं. महिन्या-दोन महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या. खात्रीकाकांना इतकं हलकं वाटलं, की टेम्पोचं मागचं फळकूट नीट लागलंय का, हे बघायचंही ते विसरले.

घरी आल्यावर शर्ट उतरला. खात्रीकाकांनी बदक उजेडात धरलं, उलटं केलं, दोन्ही हातांनी ताणलं.

"उसवू ना?" काकूंनी विचारलं.

"नको. एक टाका हलत नाही. राहू दे."

"मग ते बनियन द्या इकडे."

काकूंनी भोकाखाली कापडाचा तुकडा लावला, बनियन फ्रेममध्ये बसवलं आणि बटण दाबलं. त्यांचं आखडलेलं बोट त्याला पुरलं. पिवळी चोच उमटू लागली, तसे खात्रीकाका नकळत वाकू लागले.

"लांब," काकू म्हणाल्या.

"आता अंगात काहीच नाही. काय अडकणार?"

"तरी लांब."

खात्रीकाका दारापाशी जाऊन उभे राहिले, उघडेबंब, हात मागे बांधून. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लांबूनच खात्री करून घेतली.