डुकराचे कान कुणी खाल्ले?

रस्ता विचारणं हे बिननाकाच्या माणसांचं काम, असं माझं ठाम मत होतं. मला घर शोधायला पत्ता लागत नाही, वास पुरतो. पंपांगा प्रांतातल्या गुआगुआ गावात मी जन्मभर खानावळ चालवली. बंद झाकणावरून सांगतो, आत लसूण करपलाय की नुसता लाल झालाय. आम्हा पंपांगाच्या लोकांचं हे असंच आहे. बाकीचा फिलिपिन्स पोट भरतो, आम्ही जेवतो!

या मताचा फटका आमच्या एल्मोला बसला होता. पोरगा पस्तिशीला टेकलेला, आणि दोन जमत आलेली लग्नं माझ्या जिभेने मोडलेली. एका घरी मी मुलीच्या आईला म्हणालो, मटणाच्या अदोबोत व्हिनेगर कमी आहे. दुसऱ्या घरी काही म्हणालो नाही. उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि व्हिनेगर घालून आलो.

तिसरी मुलगी नेनिता. एल्मोला ती मनिलात भेटली. माणसं तार्लाककडची, इलोकानो. आता इलोकानो म्हणजे काटकसरी लोक, आणि भाजी कुठलीही करा, त्यात कारलं टाकणार. मी तोंड वाकडं केलं, तर पोराने हातच जोडले.

"बाबा, इथे नाही जमलं तर मी लग्नाचं नाव काढणार नाही. ते काहीही वाढोत, तुम्ही फक्त छान म्हणा."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर दोनदा छान म्हणा. मी समजून घेईन."

मुलीच्या वडिलांनी आम्हाला त्यांच्या गावच्या जत्रेच्या दिवशी बोलावलं. मागणी घालायला रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून मी अख्खं डुक्कर निखाऱ्यावर फिरवून स्वतः भाजलं. असं लेचोन पुन्हा होणार नाही! कातडी टिचकी मारली तरी वाजत होती. व्याह्यांनीही गावभर सांगून ठेवलं होतं, यंदा आमच्या टेबलावरचं लेचोन पंपांगाहून येतंय. म्हणजे त्यांनी घरी दुसरं केलेलं नव्हतं. आमची अब्रू आणि त्यांची अब्रू, दोन्ही केळीच्या पानांत गुंडाळून आमच्या जीपमध्ये ठेवली होती.

एल्मो आदल्या दिवशीच पुढे गेला होता. त्याने बजावलं होतं, "चर्चच्या दारात थांबा, तिथून मी नेतो." हे मोबाईलच्या आधीचे दिवस. आम्ही पोचलो तर चर्चसमोर मुंगीला शिरायला जागा नाही, बँड कानठळ्या बसवतोय आणि एल्मो कुठे दिसत नाही.

"थांबू या ना जरा," आमची लोरेता म्हणाली.

"कातडी मऊ पडेल. चल, मी काढतो घर शोधून."

"कुणाला तरी विचारा तरी."

"विचारायचं काय त्यात? मला येतोय वास."

दोन गल्ल्या ओलांडल्यावर टोमॅटोत शिजणाऱ्या बोकडाचा असा काही वास आला की माझी खात्रीच पटली. असा हात व्याह्यांच्याच घरी असणार. दारात एक जाडजूड बाई उभी होती. आम्हाला बघताच ओरडली, "या, या, जेवायला या!"

"बघ," मी लोरेताला म्हणालो. "वाटच बघताहेत आपली."

आता जत्रेच्या दिवशी आमच्या देशात प्रत्येक घराचं दार उघडं असतं. ओळख असो नसो, आत येईल त्याला जेवू घालायचं आणि तू कोण, असं विचारायचं नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण नाक चालू असलं की माझं डोकं बंद असतं.

आम्ही डुक्कर आत नेलं. बाईंनी टेबलाच्या मधोमध जागा केली.

"विहीणबाई, मुलगी कुठे आहे?" मी विचारलं.

"मुली सगळ्या मागे आहेत, वाढताहेत. बसा तुम्ही."

"आणि तिचे वडील?"

"हे ना? मिरवणुकीत गेलेत. येतील. आधी जेवून घ्या."

लोरेता कानाशी लागली, "अहो, यांतली एकही फोटोतल्या मुलीसारखी दिसत नाही."

"फोटोत कोण कुणासारखं दिसतं?" मी म्हणालो, आणि सुरी चालवली. कातडी कडकन वाजली आणि सगळ्या खोलीने माना वळवल्या. मग काय, ताटं पुढे येत राहिली. थोड्याच वेळात डुकराची उजवी बाजू गावाने फस्त केली. मी दोन ताटं बोकड खाल्लं, वर भात. लोरेता बायकांत जाऊन बसली.

तेवढ्यात मागच्या दाराने एक किडकिडीत गृहस्थ आले, लेचोन बघून थबकले, दोन्ही कान उपटले आणि माझ्या शेजारी बसून कुडुमकुडुम खाऊ लागले.

"वा," ते म्हणाले. "ज्याने भाजलं असेल त्याच्या हातांचे मुके घ्यावेत."

असा रसिक भेटल्यावर मी विरघळलो. "तुम्हाला कळतं खाण्यातलं. नाहीतर इथली माणसं! ज्यात त्यात कारलं. आणि पाहुण्याच्या ताटात भात मोजून घालणार."

त्यांनी कानाचा तुकडा गालात सरकवला. "तुम्ही बाहेरचे दिसता. म्हणून सांगतो, कारलं परवडलं. ती पंपांगाची माणसं बघा, रातकिडे तळून खातात आणि फुशारकी मारतात. माझ्या नशिबी तसलेच आलेत. आज मुलीला मागणी घालायला यायचेत. सकाळपासून पत्ता नाही, आणि बायको म्हणते ते येईपर्यंत घास घ्यायचा नाही. शेवटी कुंपण ओलांडून आलो इकडे, जीव वाचवायला."

माझ्या घशात कातडी अडकली.

"कुठून यायचेत?" मी विचारलं.

"गुआगुआहून."

"काय घेऊन?"

"डुक्कर," ते म्हणाले, आणि त्यांचं चावणं थांबलं. त्यांनी डुकराकडे पाहिलं. मी डुकराकडे पाहिलं. बिनकानाचं ते डुक्कर आमच्या दोघांकडे पाहत होतं.

"प्रुदेन्स्यो दुमलाओ," ते हळूच म्हणाले.

"फर्मिन पांगिलिनान," मी म्हणालो. "रातकिडेवाला."

तिसरं लग्नही मोडलं, या वेळी तर मुलीचं घर बघायच्या आधीच! एल्मोला कुठल्या तोंडाने सांगणार? पण व्याह्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता. "व्याहीबुवा," त्यांनी माझा हात घट्ट धरला, "मी इथे जेवलो हे एस्तेलाला कळता कामा नये. तुम्ही कारल्याचं काही बोलला नाहीत, मी रातकिड्यांचं काही बोललो नाही." त्या क्षणी मला तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला.

घरची बाई, पासिंग तिचं नाव, सगळं ऐकून हसता हसता खाली बसली. "मला वाटलं आमच्या ह्यांचे कुणी जीपवाले दोस्त! डुक्कर घेऊन येणाऱ्याला कुणी नाव विचारतं का?" मग तिनेच उरलेलं डुक्कर खाल्लेली बाजू भिंतीकडे येईल असं ताटात बसवायचा सल्ला दिला. खाली पानं कोंबली, आणि कानांच्या जागी दोन लाल जास्वंदी खोचल्या. वर आपल्या बोकडाचं पातेलंही दिलं. व्याही कुंपणावरून पुढे पळाले आणि घरात जाऊन उपाशी चेहऱ्याने बसले. आम्ही रस्त्याने गेलो. लोरेता वाटेत एक अक्षर बोलली नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

विहीणबाई, म्हणजे खऱ्या विहीणबाई, दारातच होत्या. "किती उशीर! आमच्या ह्यांनी सकाळपासून घास घेतलेला नाही हो तुमच्यासाठी." व्याह्यांनी मान खाली घातली. त्यांच्या हनुवटीवर चरबी चमकत होती.

डुक्कर टेबलावर ठेवलं. एस्तेलाबाई लांबून बघत राहिल्या. मग जवळ आल्या आणि एक जास्वंद उचलली. मग दुसरी.

मी मनातल्या मनात एल्मोची माफी मागितली.

"इतकी वर्षं संसार केला," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "कुठल्याही लेचोनचे कान आधी कोण खातं, हे मला सांगायला नको." मग त्यांनी ताट गर्रकन फिरवलं. "आणि ही बाजू?"

"ती मी," मी म्हणालो. "आणि गाव. मी घर चुकलो, विहीणबाई. कुणाला विचारलं नाही."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि मग अशा हसल्या की पलीकडून पासिंगचं हसणं पुन्हा सुरू झालेलं ऐकू आलं. "चला, म्हणजे दोघांना एकच खोड! निभेल हे नातं." माझ्या जिवात जीव आला. इतका, की पोटात जागा नाही हेही विसरलो.

त्या मात्र विसरल्या नव्हत्या. "तिकडे जेवलात, आता इकडे जेवा." दोघा व्याह्यांना समोरासमोर बसवून त्यांनी ताटात पिनाकबेतचा डोंगर घातला. वांगी, भेंडी, आंबवलेल्या मासळीचा खार आणि कारलं. मुख्यतः कारलं.

"कसं झालंय?"

"छान," मी म्हणालो. तेवढ्यात एक फोड दाताखाली आली. "छान."

लोरेताने तोंडाला रुमाल लावला. तेव्हा कुठे नेनिताला आठवलं, एल्मो अजून चर्चच्या दारातच उभा असेल. ती धावत गेली आणि उन्हाने उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झालेला आमचा मुलगा घेऊन आली. त्याने आधी नेनिताच्या आईकडे पाहिलं, मग डुकराकडे, मग माझ्याकडे.

"बाबा, काही बोललात?"

"एकच शब्द बोललो."

"किती वेळा?"

लग्न झालं, नातवंडं झाली. आमच्या खानावळीत दर बुधवारी सुनेच्या हातचा पिनाकबेत असतो आणि त्यासाठी लोक लांबून येतात. माझं ताट ती स्वतः वाढते, समोर उभी राहते आणि विचारते, कसा झालाय? मी छान, छान म्हणतो. सासरा किती कौतुक करतो म्हणून ती सगळ्यांना सांगत असते. दोनदा म्हणजे काय, हे एल्मोने तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.