विजूताईंची सभा

विजूताईंच्या स्वयंपाकघरातून धूर येतोय हे सांगायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरात पाऊल टाकलं. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बस. आयत्या वेळच्या विषयात घेऊ. आत्ता विषय क्रमांक दोन चालू आहे."

मी बसलो. मी असाच आहे, कुणी ठामपणे सांगितलं की बसतो. टेबलाशी आणखी दोन बायका होत्या. त्यातली एक उठली, ग्रिलखालचे पापड विझवून आली आणि सभा पुढे सुरू झाली.

लंडनच्या हॅरो भागात आमची घरं एका भिंतीची. विजूताई प्रधान कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात वरच्या हुद्द्यावर होत्या. कुणाच्या घराला मागे खोली वाढवायची असली की त्यांच्या सहीवाचून वीट हलत नसे. पापड विझवणाऱ्या कुंदाताई हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, आणि तिसऱ्या उषाताई एका मोठ्या शाळेच्या हेडटीचर. तिघी नैरोबीत एका वर्गात शिकल्या, एकाच वर्षी इकडे आल्या आणि आता एकाच वर्षी पन्नाशी ओलांडून बसल्या होत्या. विजूताईंचे वडील तिकडच्या मराठी मंडळाचे कायमचे चिटणीस. मुलीने त्यांच्याकडून नाक घेतलं आणि सभाशास्त्र घेतलं. लग्न मात्र केलं नाही. त्या विषयाला सूचक मिळाला नाही, असं त्या सांगत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता तिघींची सभा भरे. बाकीच्या जगातल्या मैत्रिणी चहाला भेटतात. या सभेला भेटत. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे इथपासून आभारापर्यंत सगळं साग्रसंगीत.

मराठी मंडळाचा दिवाळी अंक मी काढतो, म्हणजे मला संगणकावर मराठी टाइप करता येतं, हे कळल्यावर विजूताईंनी मला टंकलेखक नेमलं. इतिवृत्त मराठीतच हवं, कारण मुलांना मराठी वाचता येत नाही. कुंदाताईंचा मुलगा टेबलावरचा कागद उचलून "मम, हे रेसिपी आहे का?" असं विचारायचा. त्या कागदावर त्याच्याबद्दलचे तीन ठराव असत.

विषय नाजूक असायचे. कुंदाताईंना भर जानेवारीत घामाच्या धारा लागत. त्यावर 'खिडकी उघडी ठेवणे' असा ठराव मंजूर झाला आणि मी दोन हिवाळे ओव्हरकोट घालून टाइप केलं. उषाताईंचे माजी यजमान कार्डिफला दुसरं लग्न करत होते आणि त्यांनी सभ्यपणाने आमंत्रणही पाठवलं होतं. ठराव झाला : जाऊ नये, गेल्यास पैठणी नेसून जावे. उषाताई गेल्या. पुढच्या सभेत त्यांनी नव्या नवरीचं वर्णन केलं. ते मी टाइप केलं नाही, मलाही घरी बायको आहे.

मी बोलू लागलो की विजूताई म्हणत, "तुला मताधिकार नाही." हे मला आमच्याही घरात लागू होतं, त्यामुळे जड गेलं नाही.

मग एका जूनमध्ये उषाताईंनी सांगितलं की नैरोबीतल्या एका शाळेने त्यांना प्राचार्य म्हणून बोलावलंय. तीन वर्षांसाठी, आवडलं तर पुढेही. दोन आठवड्यांत उत्तर द्यायचंय. त्या हे सांगताना पंचविशीच्या दिसत होत्या. "इथे आता मी फक्त निवृत्तीची वाट बघतेय गं," त्या म्हणाल्या. विजूताईंनी तिथल्या तिथे अभिनंदनाचा ठराव मांडला.

दुसऱ्या दिवशी विजूताई माझ्याकडे राहिलेला मजकूर सांगायला आल्या. नेहमीसारखं धडाधड सांगत होत्या. अभिनंदनाचा ठराव झाल्यावर न थांबता पुढे म्हणाल्या, "तथापि अध्यक्षांना हे मनातून नको आहे. उषा गेली तर अध्यक्षांना 'विजे, गप्प बस' म्हणणारं कोणी उरणार नाही."

मी टाइप करून वर पाहिलं. त्या बागेकडे बघत होत्या.

"ते शेवटचं काढून टाक," त्या म्हणाल्या. "तिला दिसलं तर ती जायची नाही."

मी काढलं. पण काढण्याआधी नेहमीच्या सवयीने फाइल साठवली होती, आणि काढल्यावर दुसऱ्या नावाने पुन्हा साठवली. माझ्या संगणकावर 'शेवटचे', 'शेवटचे नवे' आणि 'खरेच शेवटचे' अशा नावांच्या फाइली सुखाने नांदतात.

त्याच आठवड्यात मंडळाच्या सगळ्या सभासदांना गणपतीच्या मदतनीसांची यादी ई-मेलने पाठवायची होती. मी पाठवली. म्हणजे यादी सोडून ते इतिवृत्त पाठवलं, आणि तेही काढलेल्या वाक्यासकट.

संध्याकाळी इल्फर्डहून एका सभासदांचा फोन आला. सगळे चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसताहेत, व्हायरस आहे का, विचारत होते. तेव्हा मला कळलं मी काय पाठवलंय, आणि हेही कळलं की मी वाचलो. माझा मराठी फॉन्ट मंडळात कुणाकडे नव्हता. मी स्वयंपाकघरात एक छोटासा नाच केला. नाच अर्ध्यावर असताना आठवलं, फॉन्ट मी स्वतःच्या हाताने चार संगणकांवर घातला होता. एक माझा. उरलेले तीन या तिघींचे.

उषाताईंनी त्याच दिवशी वाचलं. रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्यांनी कुंदाताईंना कळवलं : नैरोबीला नाही म्हणून पत्र लिहिलंय, सोमवारी टाकते.

रविवारी विशेष सभा बोलावली गेली. मला टंकलेखक म्हणून नव्हे, आरोपी म्हणून बोलावलं होतं. उषाताईंच्या पुढ्यात ते वाक्य छापून ठेवलेलं, शेजारी तिकीट लावलेलं पाकीट. कुणी पापड भाजले नव्हते.

"हे वाक्य मी सांगितलेलं नाही," विजूताई म्हणाल्या. "टंकलेखकाने मनचं घातलंय."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला बस, लिही, खोड, गप्प राहा एवढंच सांगितलं होतं. काही मागितलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "मीच घातलं. जरा रंगत यावी म्हणून."

उषाताईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकलेली बाई ती. मग म्हणाल्या, "तुला असली वाक्यं सुचत असती ना, तर तुझा दिवाळी अंक आम्ही वाचला असता."

मी मान खाली घातली. अंक कुणी वाचत नाही हे मला तेव्हाच अधिकृतपणे कळलं.

विजूताई म्हणाल्या, "टंकलेखकाला ताकीद द्यावी. आणि सभासदाने ऑगस्टात नैरोबीला जावं. मतदान घ्यायचं का?"

"विजे, गप्प बस," उषाताई म्हणाल्या. त्यांनी पाकीट उचलून दोन तुकडे केले. कुंदाताई चहा टाकायला आत गेल्या आणि चहाला लागतो त्याच्या तिप्पट वेळ आत राहिल्या.

उषाताई ऑगस्टात गेल्या. आम्ही तिघांनी त्यांना विमानतळावर सोडलं. परतताना गाडीत विजूताई वाटेतल्या प्रत्येक घराचं छप्पर कोणत्या नियमाविरुद्ध आहे ते सांगत होत्या.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सभेला तिघं लागतात, असं त्यांच्या घटनेत होतं, तेव्हा रिकाम्या जागी आपली वर्णी लागणार अशी मला आतून खात्री होती. विजूताईंनी शर्टाकडे पाहिलं आणि मला नेहमीच्या कोपऱ्यात बसवलं. मजकूर सांगायला सुरुवात केली. उपस्थित : विजया प्रधान, कुंदा.

पुढचं मला पाठ होतं, म्हणून मीच टाइप केलं. गैरहजर : उषा.

विजूताई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "गैरहजर नको," त्या म्हणाल्या. "यायची आहे, असं लिही."

मी ते खोडून तसं लिहिलं. कुंदाताईंनी कुणी न विचारता अनुमोदन दिलं, आणि सभा सुरू झाली.