दरडीतली बाळंतीण

"गाडी बंद कर की रं! बाळंतीण हाय हितं."

माझ्या खिडकीखालून आवाज आला. दूधवाल्यानं दचकून मोटरसायकल बंद केली आणि दबक्या आवाजात विचारलं, "कुणाच्यात हो आप्पा?"

"हितंच. दरडीत."

दूधवाला गल्लीच्या कडेच्या तांबड्या दरडीकडे बघत राहिला आणि मग गाडी ढकलत पुढच्या घरी गेला. त्यानं 'दरडीत' तेवढं गाळलं आणि बाळंतीण गल्लीभर वाटली. दुपारी समोरच्या शांताक्का डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आमच्या दारात उभ्या. "तुमच्यात कोण आलंय गं बाळंतपणाला?" असं आईला विचारता विचारता त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या लग्न न झालेल्या पोटाकडे, एकदा नीट बघून घेतलं.

बाळंतीण म्हणजे टॅरँटुला होती. तळहाताएवढा केसाळ कोळी. दरडीतल्या बिळात ती अंड्यांची पांढरी पिशवी पोटाशी धरून बसली होती, आणि आप्पांनी तिच्यासाठी गल्लीत शांतता जाहीर केली होती. लाडू शेवटी आप्पांनीच खाल्ले. "तिला चालत न्हाईत," म्हणाले.

आप्पा आमचे शेजारी. मूळचे निपाणीचे, जैन, तंबाखूच्या वखारीत जन्म गेलेला. तंबाखूच्या धुरळ्यानं त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकींचा, खोकला थांबेना, म्हणून वखार मुलांच्या गळ्यात घालून दोघं इकडे खानापूरला येऊन राहिले. इथली हवा काकींना मानवली. त्या पुढं पुष्कळ वर्षं जगल्या, आणि गेल्या त्या खोकल्यानं नव्हे. आता आप्पा एकटेच असतात.

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकतं. मग हात धुऊन ते दरडीपाशी येतात आणि एकेका बिळात वाकून विचारतात, "जेवलीस काय गं?" बिळाच्या तोंडाला रेशमाचं अस्तर असतं. आतून उत्तर येत नाही. तरी आप्पा थोडं थांबतात, समोरचं माणूस घास गिळेपर्यंत थांबावं तसे. "रात्रीची खाती, वर मांसाहारी," असं त्यांनी मला एकदा कबूल केलं. "पण शेजारीण म्हणून चांगली."

मी खिडकीशी बसून घरून काम करते. इंग्रजी शाळेत शिकले, घरी मराठी, बाजारात कन्नड. म्हणजे मला तीन भाषांत गप्प बसता येतं. बोलायचं सगळं डोक्यात जुळवून होतं, तोवर समोरचं माणूस निघून गेलेलं असतं. आप्पांना याचं काही वाटत नाही. बिळांची सवय आहे त्यांना.

आप्पांची काळजी सुरू झाली ती एका फोटोमुळे. हिंडायला आलेल्या कुणीतरी दरडीचा फोटो जागेसकट इंटरनेटवर टाकला. हा कोळी आपल्या घाटाच्या अंगाला, तेवढ्याच पट्ट्यात सापडतो, आणि म्हणूनच काचेच्या पेटीत पाळणाऱ्या हौशी लोकांना तो हवा असतो. पुढच्या हंगामात देवळामागच्या दरडीतली बिळं कुणीतरी उकरून रिकामी केली. नुसती तांबडी भोकं राहिली. आप्पा ते बघून आले. "फिर्याद तरी काय म्हणून द्यायची?" ते आईला म्हणाले. "कोळी पळवून न्हेला म्हणून?"

मग त्यांनी स्वतःच बंदोबस्त केला. आमच्या भागात माणूस आपल्याशी कुठल्या भाषेत बोलला यावरून वर्षानुवर्षांची भांडणं आहेत. आप्पांनी त्याचंच कुलूप केलं. अनोळखी माणसानं मराठीत काही विचारलं की हे कन्नडात उत्तर देणार, कन्नडात विचारलं की मराठीत. आणि दोन्ही भाषांत रस्ता एकच सांगणार, पुढच्या लोंढा गावाचा. "हितं काय न्हाय. सरळ लोंढा गाठा."

या बंदोबस्तात मला बघायला आलेली कोल्हापूरची मंडळीही गेली. पांढरी गाडी, उतरलेली दोन तरुण मुलं आणि हातात डबे. डब्यांत पेढे होते, पण आप्पांना ते कोळी न्यायचे डबे वाटले. चार माणसांना त्यांनी अस्खलित कन्नडात लोंढ्याला लावून दिलं. पाहुणे संध्याकाळी पोचले ते भांडतच. ते स्थळ मोडलं. आई आप्पांशी महिनाभर बोलली नाही. मी मात्र त्यांचे आभार मानायचे ठरवले होते. वाक्यसुद्धा तयार होतं.

आप्पांची मुलं आता वखार विकून बेंगळूरला असतात. 'या राहायला' म्हणून फोन येतात. आप्पांची कारणं ठरलेली. पाण्याची टाकी गळते. फणस उतरायचाय. गुडघा. मलाही ती खरी वाटायची.

बाळंतिणीच्या त्या दिवसांत आप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. कुठं गाडीचं दार वाजलं की ते ताटावरून उठायचे. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले, तर दरडीसमोर खुर्ची टाकून बसलेले.

"ही कोण म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं. "आमी आलो त्याच वर्षी काकीनं पाला काढताना हिला बघितली. किंचाळली आधी. मग म्हणती, आपल्या अगोदरपासनं राहती, हिला काय करू नका. तीच ही. इतकी वर्षं, त्याच बिळात."

मी चहा पुढं केला.

"रोज संध्याकाळी काकीच विचारायची हिला, जेवलीस काय म्हणून. आता ती न्हाय तर..." त्यांनी बशी नुसती हातात धरली. "ह्यांच्यात नर घर सोडतोय. हिंडतोय, मरतोय. बाईमाणूस बीळ सोडत न्हाय." मग म्हणाले, "आमच्यात उलटं झालं गं."

माझ्याकडे बोलायला बरंच काही होतं. मी बशी घेऊन घरी आले.

त्यानंतर चार-पाच दिवसांतच ते दोघं आले. भर दुपारी, मोटरसायकलवरून. पाठीला पिशव्या, पिशवीत झाकणाला भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे. एकानं कन्नडात विचारलं, "इथं मोठे कोळी आहेत म्हणे?"

आप्पांनी मराठीत सांगितलं, "हितं काय न्हाय. सरळ लोंढा गाठा."

तसा दुसरा हसला. "असं काय करता, आप्पा? तुमच्या बोलण्यावरनं वळखलं, मी बी निपाणीचाच हाय की."

आप्पांचं कुलूप आपल्याच गावच्या पोरानं उघडलं. ते नुसते मागं सरकत गेले आणि बिळाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. त्यामुळे नेमकं बीळ कुठलं ते दोघांना कळलं.

"सरका आप्पा, चावंल तुमाला," पोरगा म्हणाला. त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. त्यानं पिशवीतून खुरपं काढलं आणि आप्पांच्या काखेखालून हात घालून बिळाकडची माती चाचपली.  त्यांनी वर, माझ्या खिडकीकडे बघितलं. हाक मारली नाही. मी बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी उठले. खिडकीचे गज धरले. डोक्यात इंग्रजीत एक चांगलं वाक्य तयार होत होतं. ते अर्ध्यावर टाकलं आणि जे तोंडाला आलं ते ओरडले.

समोरच्या शांताक्का लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांच्यामागून त्यांची सून, मग पलीकडच्या दोघी. "बायकांत काय रं काम तुमचं? कुणाची पोरं रं तुमी?" शांताक्कांनी विचारलं, आणि निपाणीच्या पोरानं खुरपं पाठीमागं लपवलं. दुसऱ्यानं तर मोटरसायकल चालूसुद्धा केली नाही. कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.

आप्पा तसेच हात पसरून उभे होते. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू एखाद्या बिळातून इतक्या वर्षांनी उत्तर आलं होतं.

मी एवढंच ओरडले होते, "हात मागं घ्या! बाळंतीण हाय हितं."